फाळ, वसू आणि बोल्ट : शिरोळच्या काळ्या रानातील एका पात्याचा इतिहास

१/
धारदार अवजारांचा इतिहास लिहिणारे बहुधा धारेचाच इतिहास लिहितात. लोखंड कोठून आले, पोलाद केव्हा आले, धार किती काळ टिकू लागली. पण कोणतीही धार अखेर झिजते. झिजलेले पाते अवजारातून सोडवून त्याच्या जागी दुसरे बसवावे लागते. ते काम किती वेळात होते, ते कोण करतो आणि त्यासाठी कोणाच्या दारात जावे लागते, याची नोंद क्वचितच आढळते. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या रानात हे प्रश्न नांगराच्या फाळाभोवती उभे राहिले. त्यांच्या उत्तरांनी नांगर बदलला आणि गावातील एका बलुतेदाराचे स्थानही बदलले.

२/
प्रथम भूमीविषयी. शिरोळ हा कोल्हापूर जिल्ह्याचा पूर्वेकडील तालुका. (पुणे-बेंगळुरू रस्त्यावरील शिरोली ते हे नव्हे, दोन नावांचा घोटाळा नेहमी होतो.) नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते ते याच तालुक्यात. जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या पायथ्याशी तांबडी, हलकी जमीन आहे. पूर्वेकडे नद्यांनी शतकानुशतके आणून टाकलेला काळा, चिकण गाळ आहे. ही माती भिजली की फुगते आणि पायाला चिकटते. सुकली की आक्रसते, तिला हात आत जाईल अशा भेगा पडतात आणि तिची ढेकळे दगडासारखी होतात. शाळू, हरभरा, तंबाखू आणि पुढे ऊस या पिकांनी तालुक्याला संपन्न केले ते याच मातीत. मात्र ही माती ज्या अवजाराने उघडायची त्याची परीक्षाही ती तितक्याच कठोरपणे घेते.

३/
या रानातील जुना नांगर लाकडी होता. बाभळीच्या कठीण लाकडाचे बाकदार खोड, त्यातून पुढे बैलांच्या जुवापर्यंत जाणारी लांब दांडी, आणि मागे धरण्यासाठी रुमणे व मुठ. सगळ्या नांगरात लोखंड असे ते एका जागी. खोडाच्या पुढच्या उताराला एक खाच, त्या खाचेत आडवी पडलेली, पुढे निमुळती होत गेलेली लोखंडी पहार, हाच फाळ. तो खोडाला आवळून धरणारी लोखंडी कडी म्हणजे वसू. वसू सैल वाटली तर लाकडाची पाचर ठोकायची. खिळा नाही, स्क्रू नाही, मळसूत्र नाही.

४/
ही रचना ओबडधोबड म्हणून हिणवण्याची प्रथा इंग्रजी अमदानीत पडली. ती अन्यायाची होती. फाळाचे टोक झिजले की शेतकरी मागच्या बाजूने दगडाचा ठोका देई. फाळ खाचेतून बोटभर पुढे सरके आणि नांगर पुन्हा चालू होई. फाळ पूर्ण काढायचा तर पाचर उडवायची आणि वसू मागे सारायची, एवढेच. त्याला पाना लागत नसे. बैल जुवाखालीच उभे असत. पाते बदलण्याची सोय एवढ्या एकाच कसोटीवर पाहिले, तर वसूची जुनी रचना नंतरच्या बहुतेक रचनांपेक्षा सरस ठरते. पुढची कथा समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

५/
वसूचा दुसरा उपयोग कुळवात होई. कुळवाच्या आडव्या दिंडातून दोन जानोळी खाली येतात आणि त्यांच्या टोकांमध्ये पास, म्हणजे लांब सपाट पाते, दोन्ही बाजूंनी वसूत अडकवलेले असते. सुताराची नक्षीची करवत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातील नाते चटकन दिसेल. तिच्यातही धनुष्यासारख्या चौकटीच्या दोन टोकांमध्ये एक बारीक पाते ताणून धरलेले असते. जाळीच्या प्रत्येक नव्या छिद्रासाठी ते एका टोकाला सोडायचे, फळीतून ओवायचे आणि पुन्हा आवळायचे. पाते किती चांगले यावर जेवढे काम अवलंबून, तेवढेच ते किती झटपट सुटते आणि किती घट्ट बसते यावरही. ज्या पकडीतून पाते सहज सुटते ती ऐन ताणाच्या वेळी दगा देण्याची भीती, आणि जी कधीच दगा देत नाही ती सोडवताना घाम काढणार, हा पेच करवतीपासून नांगरापर्यंत एकच आहे.

६/
वसूतून सुटलेला फाळ जाई लोहाराकडे. त्याच्या त्या कामाला मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे : शेवटणे. झिजून बोथट झालेला फाळ भट्टीत लाल करायचा, घणाने ठोकून त्याचे टोक पुन्हा लांबवायचे, फारच आखूड झाला असेल तर लोखंडाचा नवा तुकडा तापवून त्याला जोडायचा आणि शेवटी पाणी द्यायचे. पहार, कुदळ, फाळ, पास ही सारी शेवटून घ्यायची अवजारे. फाळ नवा घेण्याची वेळ त्यामुळे वर्षानुवर्षे येत नसे. तो दरसाल थोडा आटे आणि दरसाल थोडा भरून निघे.

७/
याची मजुरी रोख नव्हती. लोहार हा बलुतेदार. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने आणि बऱ्याच ठिकाणी परखडपणे वर्णन आले आहे. लोखंड व कोळसा शेतकऱ्याचा, कसब लोहाराचे, आणि मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने, अशी सर्वसाधारण रीत. वर्षभरात फाळ किती वेळा शेवटला याचा हिशेब कोणी ठेवत नसे. ही व्यवस्था मायेची होती असे समजण्याचे कारण नाही. तीत जातीची उतरंड होती, बलुते वेळेवर न देणारे होते आणि पेरणीच्या तोंडावर लोहाराने खोळंबा केल्याच्या तक्रारीही होत्या. मात्र एक गोष्ट खरी : पाते दुरुस्त करण्याचे ज्ञान आणि साधन दोन्ही गावाच्या शिवेच्या आत होते.

८/
मग हा नांगर बदलावा असे कोणाला का वाटले? कारण तो जमीन फाडतो, उलथत नाही. त्याच्या तासाचा आकार वर रुंद आणि खाली निमुळता असतो. दोन तासांच्या मध्ये न नांगरलेल्या मातीचा वरंबा उरतो. म्हणून एकदा उभी आणि एकदा आडवी अशी नांगरट करावी लागे. काळ्या रानाचे दोन जुने शत्रू, हरळी आणि कुंदा, यांची मुळे खोल जातात. ती उलथून उन्हात पाडल्याशिवाय मरत नाहीत. मोठा लाकडी नांगर खोल घालायचा तर चार-चार बैलजोड्या लागत. एवढे बैल एका घरी नसत. म्हणून पैरा करायचा, म्हणजे आज चौघांचे बैल एकाच्या रानात आणि उद्या दुसऱ्याच्या. माती उलटी पाडणारे बाकदार लोखंडी अंग असलेला नांगर हे काम एका फेरीत करू शकत होता. प्रश्न होता तो अशा नांगराच्या फाळाचा.

९/
येथे काही काळ शिरोळ सोडून अटलांटिकपलीकडे जावे लागते. १७९७ साली अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतातल्या चार्ल्स न्यूबोल्ड या शेतकऱ्याने ओतीव लोखंडी नांगराचे पेटंट घेतले. त्याचा नांगर जवळजवळ संपूर्ण एकसंध ओतलेला होता. शेजारच्या शेतकऱ्यांनी तो नाकारला. लोखंडाने जमिनीला विष चढते आणि तण माजते, असे त्यांचे म्हणणे होते. इतिहासाच्या पुस्तकांत ही हकीकत अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. पण त्या नांगरात एक खरा दोषही होता. एकसंध ओतीव वस्तूचे टोक दगडावर आपटून तुटले, तर केवळ फाळ जात नाही, नांगरच जातो. ज्या वस्तूचा सर्वांत लवकर झिजणारा भाग वेगळा काढता येत नाही, ती वस्तू घेण्यास कचरणारा माणस मूर्ख म्हणता येत नाही. न्यूबोल्डने पुष्कळ पैसा घालवला आणि अखेर नाद सोडला. पुढे १८०७ मध्ये डेव्हिड पीकॉक याने आणि १८१९ मध्ये जेथ्रो वुड याने नांगर तुकड्यातुकड्यांनी ओतला. तुटेल तो तुकडा तेवढा बदलायचा. तेव्हा कोठे ओतीव नांगराला गिऱ्हाईक मिळाले.

१०/
इंग्लंडमध्ये हेच काम रॉबर्ट रॅन्सम करत होता. त्याची तीन पेटंटे ओळीने पाहण्यासारखी आहेत. १७८५ मध्ये ओतीव फाळ कठीण करण्याची रीत. १८०३ मध्ये आपोआप धार राखणारा फाळ. यातली युक्ती अशी की साच्याच्या तळाशी थंड लोखंड ठेवल्याने फाळाची खालची बाजू झपाट्याने निवते आणि काचेसारखी कठीण होते, वरची बाजू मात्र सावकाश निवून मऊ राहते. चालताना वरची बाजू आधी झिजते, खालची टिकते, आणि धार कायम निघत राहते. १८०८ मधले तिसरे पेटंट दिसायला साधे होते, परिणामाने सर्वांत मोठे. नांगराचे भाग ठरावीक मापाचे, सुटे आणि अदलाबदल करता येतील असे बनवायचे. मोडलेला भाग काढून तसाच दुसरा शेतकऱ्यानेच शेतात बसवायचा. म्हणजे रॅन्समने नांगराबरोबर नांगराचे सुटे भाग विकण्याचा धंदाही जन्माला घातला.

११/
ओतीव लोखंडाचा एक शत्रू होता, आणि त्याची ओळख शिरोळकरांना करून देण्याची गरज नाही : चिकट काळी माती. अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ मैदानांत ओतीव नांगराच्या खरबरीत अंगाला माती लिंपून बसे आणि दर काही पावलांवर थांबून ती खरवडावी लागे. १८३७ मध्ये इलिनॉयमधील जॉन डीअर या लोहाराने लाकूडगिरणीतील करवतीच्या तुटलेल्या पोलादी पात्यापासून गुळगुळीत नांगर घडवला. त्यावरून माती घसरून पडू लागली. करवतीने टाकून दिलेले पाते नांगराने उचलले आणि त्यातून एका प्रचंड उद्योगाचा पाया पडला, हा योगायोग गमतीचा आहे. त्याहून महत्त्वाचे असे की हा शोध लागला तो लोहाराच्या दुकानात, दुरुस्ती करता करता.

१२/
आता पुन्हा दक्षिण महाराष्ट्रात. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. बढतीत डावलले गेल्यावर ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. तेथे भावाबरोबर सायकलींचे दुकान चालले होते. त्यातून कडबा कापण्याची यंत्रे बनवणे सुरू झाले. हे यंत्रही मुळात पात्याचेच. फिरत्या चाकाला बसवलेली पाती कडब्याचे तुकडे करतात, बोथट झाली की सोडवून, धार लावून पुन्हा बसवायची. आणि १९०३ साली लोखंडी नांगर आला.

१३/
तो खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, नापीक होते, अशी समजूत येथेही आडवी आली. न्यू जर्सीच्या शेतकऱ्यांचे आणि बेळगावच्या शेतकऱ्यांचे एकमेकांशी काही बोलणे झाले असणे शक्य नाही. तरीही शंभर वर्षांच्या अंतराने दोघांनी एकच आक्षेप घेतला. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. या नकाराचे स्पष्टीकरण केवळ अंधश्रद्धेत शोधणे पुरेसे नाही. जुन्या नांगराचा फाळही लोखंडाचाच होता, त्याने कधी कोणाची जमीन विषारी झाली नव्हती. लोखंड नवे नव्हते. नवी होती ती ही गोष्ट की मोडले तर गावात कोणी दुरुस्त करणारा नाही. शेतकऱ्याच्या बोलण्यातले विष काल्पनिक असेल, भीती काल्पनिक नव्हती.

१४/
कारण ओतीव लोखंड लोहाराच्या हाती आज्ञा मानत नाही. घडीव लोखंडात कार्बन नगण्य असतो, म्हणून ते तापवले की मऊ होते आणि घणाखाली पसरते. ओतीव लोखंडात तो शेकडा दोन ते चार असतो. ते लाल होईपर्यंत तापवून घण मारला तर पसरण्याऐवजी फुटते. ते वितळवून पुन्हा ओतावे तर त्यासाठी लागणारी उंच भट्टी, वाळूचे साचे आणि अकराशे अंशांहून अधिक उष्णता गावच्या भात्याजवळ नाही. ज्या क्षणी फाळ ओतीव झाला, त्या क्षणी शेवटणे हे क्रियापद निरुपयोगी झाले. झिजलेला फाळ टाकायचा आणि नवा घ्यायचा, एवढाच मार्ग उरला.

१५/
नवा फाळ बसायचा तो बोल्टने. नांगराच्या बोल्टची घडण विचारपूर्वक केलेली असते. त्याचे डोके फाळाच्या पृष्ठाशी सपाट बसते, म्हणजे मातीला अडत नाही. डोक्याखालची मान चौकोनी असते, ती चौकोनी भोकात अडकते, म्हणून मागचा नट फिरवताना बोल्ट सोबत फिरत नाही आणि एकाच पान्याने काम भागते. कारखान्यात ही रचना निर्दोष वाटते. पण काळ्या रानात एक पावसाळा काढलेला नट गंजून बोल्टशी एकजीव होतो. सपाट डोके मातीने घासून फाळासारखेच झिजते. चौकोनी मान गोल होते आणि मग पाना फिरवला की बोल्टही मागोमाग फिरतो. अशा वेळी छिन्नीने नट तोडण्यावाचून गत्यंतर नसते. वसू मात्र दगडाच्या ठोक्याने सुटत असे.

१६/
तेव्हा लोखंडी नांगराने पाते बदलणे सोपे केले, या विधानाची नीट फोड करावी लागते. फाळ काढणे त्याने सोपे केले नाही, उलट थोडे कठीणच केले. सोपे झाले ते काढलेल्या फाळाच्या जागी तंतोतंत तसाच दुसरा मिळणे. पैऱ्याचे चित्र डोळ्यांपुढे आणले की याची किंमत कळते. उन्हाळ्याच्या तोंडावर, रान दगडासारखे होण्याच्या आत, चौघांचे आठ बैल एका रानात जुंपलेले आहेत. फाळ तुटला. जुन्या रीतीत एक गडी फाळ खांद्यावर टाकून गावात जाणार, लोहाराच्या दारी दुसऱ्यांचे फाळ आधीच रांगेत असणार, आणि आठ बैल, चार माणसे तोवर बसून राहणार. उद्याचा पैरा दुसऱ्याचा, तेव्हा आजचे उरलेले रान उरले ते उरलेच. बांधावर एक जादा फाळ आणि पाना ठेवलेला असला तर हाच खोळंबा चिलीम संपेपर्यंतच्या वेळात मिटतो. शेतकऱ्याने लोखंडी नांगर अखेर स्वीकारला त्यात खोल नांगरटीचा वाटा होताच, पण हा वाचलेला दिवसही होता.

१७/
या सोयीची अट अशी की जादा फाळ बाजारात मिळाला पाहिजे. बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेल्यावर १९१० साली लक्ष्मणरावांनी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळच्या उजाड माळावर कारखाना हलवला. तीच किर्लोस्करवाडी. हे स्थानक पुणे-मिरज लोहमार्गावर. मिरजेहून कोल्हापूरला जाणारा फाटा १८९१ मध्येच सुरू झाला होता आणि तो शिरोळच्या रानाला लागूनच जातो. औंध, कोल्हापूर, कुरुंदवाड, सांगली, मिरज अशा लहानमोठ्या संस्थानांच्या सरहद्दी या भागात एकमेकींत गुंतलेल्या होत्या. आगगाडीने आणि बैलगाडीने जाणाऱ्या फाळाला त्या अडल्या नाहीत. १९२० साली कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक काढले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. मुळात मात्र ते मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत नेणारे कारखान्याचे पत्रक होते.

१८/
मधल्या काळात पहिल्या महायुद्धाने ही सारी साखळी किती नाजूक आहे ते दाखवून दिले. परदेशी कच्चे लोखंड येणे जवळपास थांबले. ओतीव फाळ गावात होत नव्हता, आता कारखान्यातही होईना अशी वेळ आली. त्या वेळी शाहू महाराजांनी कोल्हापूर दरबारच्या जुन्या, निकामी तोफा किर्लोस्करांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. तोफांचे नांगर झाले, या घटनेतील काव्य पुष्कळांनी टिपले आहे. तिच्यामागची निकड अधिक रोकडी होती. हजारो शेतकऱ्यांच्या हाती असा नांगर पडला होता ज्याचा फाळ दर हंगामाला नवा लागतो, आणि तो मिळाला नाही तर उरलेले सारे लोखंड निरुपयोगी ठरते. लाकडी नांगराच्या मालकावर ही पाळी आली नसती. महायुद्ध कोठे चालले आहे याची वार्ताही त्याच्या फाळाला लागली नसती.

१९/
याच सुमारास शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने, आजच्या शिरोळ तालुक्यातच, लोहमार्गावर जयसिंगपूर ही बाजारपेठ वसवली. तंबाखू, भुईमूग, गूळ येथे विकायचा आणि परतीच्या गाडीत लोखंडी सामान टाकायचे. खळ्यावरच्या धान्याच्या राशीतून लोहाराचा वाटा काढण्याऐवजी आता बाजारात रोख मोजून फाळ आणायचा. हा बदल एका दिवसात झाला नाही. लाकडी नांगर, कुळव, पाभर ही अवजारे लोखंडी नांगराच्या शेजारी अनेक दशके नांदली. पासेला आणि कुदळीला लोहार लागतच होता. पण नांगर हे त्याच्याकडचे सर्वांत जड आणि सर्वांत वारंवार येणारे काम होते. ते गेले आणि बलुत्याच्या हिशेबातील त्याचे पारडे हलके झाले. नव्या नांगराची स्तुती करणाऱ्या लेखनात या नुकसानीचा आकडा कोठे मांडलेला दिसत नाही. लोहाराच्या बाजूने हिशेब लिहायला कोणी बसलेच नव्हते.

२०/
१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. उसाने आणि सहकारी साखर कारखान्यांनी तालुक्याचे अर्थकारण पालटले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले. कोल्हापूर परिसरात ओतशाळा आणि यंत्रशाळा वाढल्या. एकेकाळी दूर कारखान्यातच होणारे ओतकाम तासाभराच्या अंतरावर आले. आजचा पलटी नांगर हा शेताच्या टोकाला वळल्यावर अंग उलटे करून त्याच तासाला लागून परत येणाऱ्या जुन्या इंग्रजी नांगरांचाच वंशज. त्याला उचलण्याचे काम तेलाचा दाब करतो. फाळ मात्र अजूनही बोल्टांनीच बसतात, आणि गंजलेला नट अजूनही पूर्वीइतकाच हट्टी आहे. रोटाव्हेटरला तर पात्यांची रांगच असते आणि प्रत्येक पात्याला दोन-दोन बोल्ट. हंगामाच्या आधी ती सारी सोडवून नवी बसवणे हे अर्ध्या दिवसाचे काम होऊन बसते.

२१/
फाळाच्या धातूने मात्र एक वळण घेतले. बैलांच्या ओढीने चालणाऱ्या नांगराला ओतीव फाळ पुरे होता. ट्रॅक्टरच्या वेगाने पुरलेल्या दगडावर आदळला तर तो टिचतो. म्हणून फाळ पुन्हा पोलादाचा झाला, आणि पोलाद तापवता येते, ठोकता येते, जोडता येते. त्यामुळे आज गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत झिजलेल्या फाळांची टोके भरून दिली जातात. कोणी ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्याचा तुकडा कापून टोकाला जोडतो, कोणी कठीण धातूच्या कांडीचे थर चढवून धार उभी करतो. रस्त्याकडेला पाल ठोकून विळे, खुरपी आणि ऊसतोडीचे कोयते घडवणारे घिसाडीही तोच कमानीचा पाटा वापरतात. भात्याच्या जागी विजेची ठिणगी आली, कोळशाच्या जागी कांडी आली, आणि मजुरी रोख झाली. काम तेच, झिजलेल्या टोकाला नवा शेवट लावण्याचे. दुकानाच्या पाटीवर त्याला ‘फाळ भरून मिळेल’ असे म्हणतात; वसूतून काढलेल्या फाळासाठी योजलेला जुना शब्द वयस्क शेतकऱ्यांच्या तोंडी तेवढा उरला आहे.